वऱ्हाडच्या उन्हातली वँडा

मे महिन्यात अकोल्याचं नाव रोज रात्रीच्या बातम्यांत येतं. पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असतो, दुपारच्या हवेत ओलाव्याचा मागमूस नसतो, आणि दोन वेळा पाणी घालूनही अंगणातली तुळस मान टाकते. याच दिवसांत अकोट किंवा परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जुन्या आंब्या-मोहाच्या फांद्यांकडे जरा डोकं वर करून पाहा. जाड, पन्हाळीसारख्या वळलेल्या हिरव्या पट्ट्यांचा एक झुपका खोडाला धरून बसलेला दिसेल. त्याच्या मुळाशी माती नाही. त्याला कुणी पाणी घातलेलं नाही. शेवटचा पाऊस होऊन सात महिने लोटलेले असतात. आणि तरी त्या झुपक्यातून एक दांडा बाहेर पडलेला असतो, त्यावर पाच-दहा कळ्या.

ही वँडा टेसलाटा. आपल्याकडचं अस्सल ऑर्किड. जाणकार तिला रास्नाही म्हणतात, मात्र आयुर्वेदात रास्ना म्हणून देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, त्यामुळे हे नाव जपून घ्यावं. तिचं फूल साधारण दीड इंचाचं. पाकळ्यांचा रंग पिवळट हिरवा, त्यावर तपकिरी रेघांची चौकडीची जाळी, मागची बाजू पांढरी, आणि मधोमध जांभळ्या-निळ्या रंगाची जाड जीभ. वास गोड, आणि फूल जवळ धरल्याशिवाय न कळणारा. हार-गजऱ्यात ते कुणी ओवत नाही. दुकानातल्या ऑर्किडसारखं ते डोळ्यांत भरतही नाही. ही फुलं उन्हाळ्याच्या शेवटी येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसतात.

शेतकऱ्यांनी मात्र तिला फार काळ चोर समजून वागवलं आहे. आंब्यावर वाढणारं परकं झाड म्हणजे बांडगूळ, आणि बांडगूळ दिसलं की कुऱ्हाड घालायची, हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्यांचा. बांडगुळाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. नारिंगी नळीदार फुलांचं, चिवट पानांचं बांडगूळ आपली शोषक मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचं पाणी व खनिजं ओढून घेतं. त्यामुळे त्याच्यापुढची फांदी वाळत जाते. वँडाचं तसं नाही. तिची मुळं सालीवर चिकटतात, सालीच्या फटींतून पसरतात, पण आत शिरत नाहीत. झाडाकडून तिला फक्त उंची आणि उजेड हवा असतो. खात्री करायची असेल तर तिला तारेच्या रिकाम्या टोपलीत टांगा. झाड नसलं तरी ती वर्षानुवर्षं जगते. म्हणजे आमराईतली वँडा खरवडून काढणारा माणूस आंब्यावर कोणतेच उपकार करत नाही.

मग प्रश्न उरतो की झाडाचं काही घ्यायचं नाही, माती नाही, तर हिचं चालतं कशावर?

उत्तर मुळांत आहे, आणि ते कुणालाही घरी पाहता येतं. वँडाची मुळं जवळपास पेन्सिलीइतकी जाड, हवेत लोंबणारी आणि कोरडी असताना राखाडी-चंदेरी. त्यांच्यावर पाणी मारा. बघता बघता ती हिरवी होतात. या मुळांभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं एक आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडेपणी त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून प्रकाश उधळून मूळ चंदेरी दिसतं. पाणी लागताच पेशी ते काही सेकंदांत शोषतात, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा गाभा दिसू लागतो. हिरवा, कारण वँडाच्या मुळांतही हरितद्रव्य असतं आणि तीही पानांसारखं अन्न तयार करतात. आत घेतलेलं पाणी मात्र वेलामेन इतक्या सहजी सोडत नाही. ते तासन्‌तास धरून ठेवतं आणि तेवढ्या वेळात जिवंत पेशी आपला वाटा आत ओढून घेतात.

याहून मोठी गंमत पहिल्या पावसाची. मृगाचा पहिला शिडकावा फांद्यांवर पडतो तेव्हा त्या पाण्यात आठ महिन्यांची धूळ, सडलेल्या पानांचा चुरा आणि पाखरांची विष्ठा धुऊन येते. झाडावर राहणाऱ्या वनस्पतीसाठी वर्षभरात याहून सकस पाणी नसतं, आणि ते काही मिनिटांत वाहूनही जातं. वेलामेन नेमकं हेच पाणी पकडतं. शिवाय त्यातल्या विरघळलेल्या, विद्युतभारित खनिजकणांना ते धरून ठेवतं, नंतरच्या स्वच्छ पावसाला धुऊन नेऊ देत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. वऱ्हाडात वँडा मरते ती बहुतेकदा याच गुणापायी, आणि पुढे लागवडीत तो पुन्हा येणार आहे.

पाणी मिळवण्याची सोय झाली. ते राखायचं कसं, ही गोष्ट पानांची, आणि तिचा पहिला धागा मिळाला तो आपल्याच देशात, एका घरगुती रोपात. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होता. त्याने पानफुटीचं पान सकाळी चघळलं, ते आंबट लागलं. दुपारी तेच बेचव, दिवस कलल्यावर किंचित कडू. १८१३ मध्ये त्याने ही नोंद लंडनला पत्राने कळवली. आंबटपणा रात्री का साठतो आणि दिवसा कुठे जातो, हे उलगडायला पुढे शंभरहून अधिक वर्षं लागली. उत्तर असं की ही झाडं पानांची रंध्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री, हवा जरा गार झाल्यावर, उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि सकाळी रंध्रं मिटून, सूर्यप्रकाशात त्याच साठ्याची साखर करतात. वँडाच्या जाड पानांतही हेच चालतं. भर उन्हात तिची दारं बंद असतात म्हणून पाणी उडून जात नाही. गव्हाचं किंवा कपाशीचं पान तेवढ्याच अन्नासाठी याहून कितीतरी जास्त पाणी खर्च करतं. अकोल्याच्या मे महिन्यात ही बचत म्हणजे जगणं आणि मरणं यातला फरक.

हेनचं नाव इथे आणखी एका कारणाने येतं. आंध्रातल्या सामलकोटच्या ज्या कंपनी-बागेचा कारभार १७९३ मध्ये त्याच्याकडे आला, ती त्याआधी विल्यम रॉक्सबर्गच्या हाताखाली होती. रॉक्सबर्ग तिथून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात गेला आणि त्याच्या ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या चित्रांच्या ग्रंथात १७९५ मध्ये आपली वँडा पहिल्यांदा शास्त्रीय नावानिशी छापली गेली. त्याने तिला एपिडेंड्रम टेसलाटम म्हटलं. त्या काळी झाडावर राहणारी बहुतेक सगळी ऑर्किडं एपिडेंड्रममध्येच कोंबली जात. त्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये विल्यम जोन्सचा वनस्पतींवरचा लेख आला. शाकुंतल इंग्रजीत नेणारा हाच तो कलकत्त्याचा न्यायाधीश. लेख छापून येईपर्यंत तो वारला होता. त्यात त्याने या झाडाचं संस्कृत नाव नोंदलं होतं आणि १८२० मध्ये लंडनला रॉबर्ट ब्राऊनने तेच घेऊन वँडा ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. पाण्यात तरंगणाऱ्या कणांची अखंड हालचाल ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो हाच ब्राऊन. आणि १८३१ मध्ये ऑर्किडच्याच पानांच्या सालीतल्या पेशीपेशीत त्याला एक गोल ठिपका सापडला. त्याने त्याला न्यूक्लिअस म्हटलं. आज शाळेच्या वहीत प्रत्येक मूल पेशीचं केंद्रक काढतं, त्याची नोंद ऑर्किडवरून झाली आहे.

वनस्पतिशास्त्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रजातीची एक प्रमाण-जात असते. प्रजाती कशाला म्हणायचं, या प्रश्नाचं शेवटचं उत्तर तिच्यापाशी असतं. वँडाची प्रमाण-जात आहे टेसलाटा. बँकॉकच्या फूलबाजारात मुठीएवढ्या जांभळ्या फुलांच्या ज्या संकरित वँडा दोरीने टांगलेल्या असतात, हजारोंनी विकल्या जातात आणि विमानाने जगभर जातात, त्या वँडा आहेत की नाहीत हे ठरवताना मोजमाप लागतं ते आपल्या मोहावरच्या या मळकट हिरव्या पिवळ्या फुलाशी. मला हे कळलं तेव्हापासून आमराईत वर पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आता फूल. कळी फुलताना ऑर्किडचं फूल आपल्या देठाशी अर्ध्या फेऱ्यात फिरतं. जी पाकळी वर असायला हवी ती खाली येते आणि मधमाशीवर्गातल्या किड्याला उतरायला जागा होते. परागकण इतर फुलांसारखे भुकटीच्या रूपात उधळलेले नसतात. ते मेणचट गोळ्यांत बांधलेले असतात आणि प्रत्येक जोडीला एक चिकट टिकली असते. किडा आत वाकला की ती टिकली अंगाला चिकटते, आणि गोळा घेऊनच तो बाहेर पडतो. पुढच्या फुलावर तो गोळा नेमका स्त्रीकेसराच्या खोबणीत बसला तर काम होतं. सगळा डाव एका फटक्यात. म्हणूनच ऑर्किडची फुलं इतके दिवस टिकतात. वाट पाहणं हाच त्यांचा धंदा. परागण झालं की मात्र फूल इथिलीन वायू सोडतं आणि बघता बघता कोमेजतं. घरात दोन-तीन आठवडे ताजं राहिलेलं वँडाचं फूल अचानक एका दिवसात मान टाकेल, तर बहुधा एखादी माशी भेट देऊन गेलेली असते.

फळाचं बोंड पिकायला कित्येक महिने घेतं. आपल्या पऱ्हाटीच्या बोंडात पंचवीस-तीस सरक्या असतात. वँडाच्या बोटभर बोंडात बियांचा आकडा लाखांच्या घरात जातो, आणि उकललं की आतून पिवळट धूळ उडते. वाऱ्यावर मैलोन्‌मैल जाईल इतकी हलकी. हलकी का? कारण बीमध्ये खाण्याची शिदोरीच नाही. सरकीत तेल आहे, तुरीत डाळ आहे, पण या धुळीच्या कणात अंकुराला पहिला घास देण्यापुरतंही काही नाही. तो घास बाहेरून यावा लागतो, आणि तो देते बुरशी. सालीच्या फटीत योग्य बुरशीचा धागा बीत शिरतो आणि अंकुर त्या धाग्याकडून साखर घेतो. लाखांतल्या एखाद-दुसऱ्याच बीला तो योग जमतो.

फ्रान्समध्ये नोएल बेर्नार नावाच्या तरुणाने हे १८९९ च्या मे महिन्यात ओळखलं. पालापाचोळ्याखाली गाडल्या गेलेल्या एका ऑर्किडच्या दांड्यावर बिया रुजलेल्या त्याला सापडल्या आणि प्रत्येक अंकुरात बुरशी होती. त्याआधी युरोपातले माळी ऑर्किडचं बी कुंड्यांत पेरून कंटाळून जात. ते रुजलंच तर जुन्या ऑर्किडच्या कुंडीत, आईच्या मुळाशी, आणि का ते कुणाला सांगता येत नसे. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसनने बुरशीला बाजूला ठेवून साखर घातलेल्या जेलीवर बी रुजवून दाखवलं. आज बाटलीतून मिळणारी ऑर्किडची रोपं त्या जेलीचीच वंशज. थोडक्यात, वँडाचं बोंड घरी आलं तर त्याचं बी कुंडीत पेरू नका. ते तुमच्या आंब्याच्या खडबडीत सालीवर, जुनी वँडा असेल तर तिच्या मुळांजवळ, पावसाळ्याच्या सुरुवातीला झटकून द्या. रुजलं तर पहिल्या फुलाला कित्येक वर्षं आहेत.

लागवडीकडे येऊ. नर्सरीत ऑर्किड म्हणून आपल्याकडे जे सर्वांत जास्त खपतं ते फॅलेनोप्सिस, मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं. ते सावलीचं, दमट हवेचं झाड. अकोल्यात ते आणलं की फुलं सरली आणि झाड गेलं, हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्यातून ‘ऑर्किड आपल्या हवेत जगत नाही’ हे वाक्य रूढ झालं. ते खरं नाही. आपल्या हवेतलं ऑर्किड आपल्या हवेत मजेत जगतं. त्याला मारण्याचे तीन खात्रीचे उपाय आहेत: कुंडीत मातीत लावणं, रात्री ओलं ठेवणं, आणि बोअरचं पाणी घालणं.

पहिल्या दोहोंविषयी थोडक्यात. मुळांना हवा लागते. मातीत ती गुदमरून कुजतात. कोकोपीटही नको, तेही ओल धरून ठेवतं. आणि वँडा एकाच शेंड्यातून वर वर वाढते, फांद्या फुटत नाहीत. शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचलं की तो शेंडा सडतो आणि झाडाची वाढच थांबते. खालून एखादं पिल्लू फुटलं तर नशीब. म्हणून पाणी सकाळी, आणि सूर्य मावळायच्या आत पानं कोरडी.

तिसरा उपाय खास आपला. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागांत राहणाऱ्याला तो समजावून सांगायची गरज नाही. जमिनीतलं पाणी खारट, सोडियम भरपूर, विहीर असून शेत तहानलेलं. आता वेलामेन आठवा. फांदीवरून वाहणाऱ्या जवळपास शुद्ध पावसातले जे काही थोडे खनिजकण असतील ते पकडून ठेवणं हे त्याचं काम. ते काम त्याने हजारो पिढ्या केलं, कारण पावसात क्षार नगण्य असतात. त्याला बोअरचं पाणी दिलं तर ते सोडियमही तितक्याच निष्ठेने पकडतं. वरचं पाणी उडून जातं, क्षार उरतात, रोज थोडे वाढतात. मुळांची टोकं आधी तपकिरी, मग काळी पडतात. मुळाच्या आतल्यापेक्षा बाहेर क्षार जास्त झाले की पाणी उलट बाहेर ओढलं जातं, आणि भरपूर पाणी घालूनही पानं सुरकुततात. मग मालक आणखी पाणी घालतो.

याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. कुलरच्या खसच्या ताट्या उन्हाळाअखेर काढून पाहा. पांढरा, खरखरीत थर. तोच थर वँडाच्या मुळांवर चढत असतो, फक्त दिसत नाही. गंमत अशी की खारपाणपट्ट्यातल्याच एखाद्या बांधावरच्या आंब्यावर वँडा सुखाने राहू शकते, कारण जमिनीतल्या खाऱ्या पाण्याशी तिचा संबंधच येत नाही. ती फक्त आभाळाचं पिते. आपण तिला खाली आणतो आणि आपलं पाणी पाजतो.

म्हणून पहिली खरेदी रोपाची नको, झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रमची असू द्या. हिशोब सोपा आहे. १० चौरस मीटर पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५० लिटर पाणी येतं. म्हणजे एका बऱ्या पावसात २०० लिटरचा ड्रम भरतो. पावसाळ्याच्या पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची घाण त्यात असते. नंतरचं भरा, तोंडाला जाड कापड आणि झाकण घट्ट, नाहीतर डेंग्यूचे डास पाळाल. एका वँडाला रोज अर्धा लिटर धरला तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सव्वाशे लिटरच्या आतबाहेर लागतं. उन्हाळ्यात दुप्पट दिलं तरी ड्रम पुरतो. पाऊस साठवायची सोय नसेल तर घरच्या आरओचं पिण्याचं पाणी चालतं. आरओने फेकलेलं पाणी मात्र अजिबात नाही, त्यात क्षार एकवटलेले असतात. पाण्यातले एकूण क्षार दाखवणारं टीडीएस मीटर फार महाग मिळत नाही. २०० च्या खालचं पाणी वँडाला द्या. तुलनेसाठी सांगायचं तर पिण्याच्या पाण्याची सरकारी इष्ट मर्यादा ५०० आहे. माणूस पिऊ शकतो ते सगळं पाणी वँडाला चालतं असं नाही.

रोप बांधायला जूनचा दुसरा पंधरवडा बरा, कारण तेव्हा नवी मुळं फुटतात आणि जिथे फुटतात तिथेच घट्ट धरतात. अंगणात आंबा किंवा जांभूळ असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. साल खडबडीत हवी. पेरू आणि निलगिरी टाळा, त्यांची साल सोलवटून गळते आणि मुळांसकट वँडाही खाली येते. खोडाची पूर्व किंवा उत्तर-पूर्व बाजू निवडा, रोप छातीच्या उंचीवर ठेवा म्हणजे फुलं पाहता येतात. सुतळीने सैल बांधा, दाबून नव्हे. सुतळी एक-दोन पावसाळ्यांत कुजते, तोवर मुळांनी साल पकडलेली असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडाच्या तुकड्यावर बांधावं, नाहीतर सागाच्या पट्ट्यांच्या टोपलीत रोप ठेवून मुळं लोंबू द्यावीत. टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भरायची पद्धत आहे. मला तिची फारशी गरज वाटत नाही. घातलेच तर मूठभर. सगळ्या मुळांना झाकायचा अट्टाहास नको.

उजेड किती? याचं उत्तर पानं देतात. गडद हिरवी पानं म्हणजे सावली जास्त, फूल येणार नाही. फिकट पिवळसर हिरवी, कडांना जांभळट छटा, ही योग्य. काळा कोरडा डाग म्हणजे ऊन लागलं. पूर्वेची गॅलरी उत्तम. गच्चीवर ठेवायची असेल तर मार्च ते जून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. मोहाची पानं फाल्गुनात गळतात आणि तिथली वँडा काही आठवडे जवळपास उघड्यावर असते हे खरं, पण ती तिथे लहानाची मोठी झालेली असते. नर्सरीतून आणलेलं रोप पहिल्याच वर्षी तसं उघड्यावर टाकू नका.

पावसाळ्यात आभाळ पाणी घालतं, तुम्ही फक्त हवा खेळती ठेवा आणि गोगलगायींवर लक्ष ठेवा. कोवळी हिरवी मूळटोकं त्यांना फार आवडतात. आठवड्यातून एकदा खत द्यायचं ते याच दिवसांत, ऑक्टोबरपर्यंत. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत ठिबकमधून जातं तेच विद्राव्य १९:१९:१९, फक्त लिटरला अर्धा ग्रॅम, आणि आधी साध्या पाण्याने भिजवलेल्या मुळांवर. जास्त खत म्हणजे पुन्हा जास्त क्षार. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं. रात्री १० अंशांपर्यंत उतरल्या तरी वँडा कुरकुरत नाही, मात्र अशा थंडीत ती कोरडी असायला हवी. एप्रिल-मे मध्ये सकाळी मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवा आणि दुपार कलल्यावर, पाचच्या आत, एक हलका फवारा. कुलरची हवा जिथे बाहेर पडते त्या खोलीच्या खिडकीत ती खूश असते. पण कुलरच्या टाकीतलं पाणी तिच्यावर कधीही टाकू नका. ते तर आटून आटून आणखी खारं झालेलं असतं. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कपाशीवाल्यांच्या ओळखीचा. पाच टक्के निंबोळी अर्क, नीट गाळून, संध्याकाळच्या आधी वाळेल असा फवारावा. पहिल्या उन्हाळ्यात खालची एक-दोन पानं गळली किंवा सुरकुतली तर घाबरू नका. तेवढं तिच्या रीतीतलं आहे.

उरला प्रश्न रोप कुठून आणायचं. मेळघाटातून नाही. १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक, आणि तिथून काडीही उचलणं गुन्हा आहे. नरनाळ्याचं अभयारण्यही त्याच प्रकल्पात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी जी वनस्पती लाखो बियांतून एखादीच उभी राहते, तिचं रानातलं फुलायला आलेलं एक झाड काढणं म्हणजे कित्येक वर्षांचं बी काढणं. औषधांसाठीही तिची मुळं काढली जातात, हा दाब वेगळाच. जगभरातली सगळी ऑर्किडं साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादीत आहेत ती उगाच नाहीत. आठवडी बाजारात कुणी उपटलेले झुपके विकत असेल तर घेऊ नका. सालीचे तुकडे चिकटलेली तुटकी मुळं आणि फाटकी, उन्हाने करपलेली पानं ही रानातून ओरबाडल्याची खूण. बाटलीतून वाढवलेल्या रोपांची पानं एकसारखी, डागरहित असतात आणि मुळं अखंड.

एक रास्त मार्ग मात्र उरतो. रस्ता रुंदीकरणात, शेताच्या वाटण्यांत वऱ्हाडातले जुने आंबे दरवर्षी पडतात. तुमच्या स्वतःच्या बांधावरचा आंबा परवानगीने तोडायचा असेल, तर लाकूड ट्रॅक्टरवर चढायच्या आत फांद्या पाहून घ्या. झुपका दिसला तर त्याला सालीपासून ओढू नका. ज्या फांदीवर तो बसला आहे तिचा हातभर तुकडा करवतीने कापा आणि तुकड्यासकट दुसऱ्या झाडाला बांधा. मुळं न तुटलेली वँडा त्याच पावसाळ्यात नवीन सालीवर उतरायला लागते.